हुकूम निघाले, पोरें अजून रडतातच!

शाळेंतल्या दांडगाईबद्दल सरकार जागें झालें आहे, असें आम्हांला दर दोन-तीन वर्षांनीं कळतें. कोठें तरी एखाद्या लेंकराचा घात होतो, वर्तमानपत्रें चार दिवस ओरडतात, आणि पांचव्या दिवशीं एक परिपत्रक निघतें. तें मंत्रालयांतून आयुक्तांकडे जातें, आयुक्तांकडून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला, तालुक्याहून केंद्राला, आणि केंद्राकडून गुरुजींच्या मोबाईलवर येऊन पडतें. गुरुजी तें उघडतात, 'पोंचलें' म्हणून आंगठा दाखवितात आणि पोषण आहाराचा तांदूळ मोजायला जातात. पाटाला पाणी सुटल्याची दवंडी साऱ्या तालुक्यांत पिटावी आणि शेवटच्या टोंकाच्या शेतकऱ्यानें कोरड्या चारींत उभें राहून ती ऐकावी, तशी आपल्या पोरांची गत आहे.

दांडगाई म्हणजे भांडण नव्हे, हें आधीं नीट समजून घेऊं. दोन पोरांची विटीदांडूवरून जुंपली, सदऱ्याच्या गुंड्या तुटल्या, आणि दुसऱ्या दिवशीं दोघें एकाच फडक्यांतली भाकर खाऊं लागलीं, तर त्यांत सरकारनें, गुरुजींनीं किंवा आम्हीं पडण्याचें कारण नाहीं. पण तेंच एक पोर, त्याच चौघांकडून, रोज छळलें जातें, आणि उलट हात उचलण्याची त्याची ताकद नाहीं हें साऱ्या वर्गाला ठाऊक असतें, तेव्हां तें पोरपण राहत नाहीं. ताकद कशाची म्हणाल, तर कधीं अंगाची, कधीं वयाची, आणि आपल्या गांवांत बहुधा बापाच्या सातबाऱ्याची, भावकीच्या संख्येची आणि जातीची.

आमच्या वाचकांना याचे दाखले बाहेरून आणून दाखवायला नकोत. लोहाराच्या पोराला 'भाता' म्हणतात, न्हाव्याच्या पोराला 'वस्तरा', कुंभाराच्या पोराला 'गाढव'. परटाच्या पोरीच्या अंगावर नवा झगा दिसला कीं, 'कुणाचा धुवायला आला होता ग?' असें विचारून साऱ्या जणी फिदीफिदी हंसतात. ऊसतोडीला गेलेल्या घरचें लेंकरूं दिवाळीच्या सुमारास जातें आणि पाडव्याच्या आसपास परत येतें. तोंवर वर्ग पुढें गेलेला असतो आणि त्या लेंकराचें नांव पडलेलें असतें 'कोयता'. ठेकेदाराच्या वहींत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. उचल घेतल्याशिवाय तें नांव बापाला मिळत नाहीं, पोराला मात्र शाळेंत फुकट मिळतें!

आणि पारध्याच्या पोराचें काय? इंग्रज सरकारनें १८७१ सालीं कायदा करून कांहीं जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची सोय केली. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. पण वर्गांत पेन्सिल हरवली कीं पहिली झडती कोणाच्या दप्तराची होते? रद्द झालेला कायदा त्या दप्तरापुरता अजून चालूच आहे. ती झडती घेणारा पुष्कळदां दुसरा विद्यार्थी नसतो, गुरुजीच असतात, आणि गुरुजींनीं एकदां बोट दाखविलें म्हणजे मग पोरांना परवाना मिळाला. 'शिष्यवृत्तीवाले उभे राहा' असें भर वर्गांत म्हणणारे गुरुजी मनानें दुष्ट असतात असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांना यादी पुरी करायची असते. पण त्या एका हांकेसरशीं कोण कोणत्या जातीचा, हें चाळीस पोरांना पाठ होतें आणि मधल्या सुटींत त्याची उजळणी होते.

याचा शेवट काय होतो तो पाहा. पोराचें पोट सकाळीं शाळेच्या वेळेलाच दुखूं लागतें. आई ओवा देते. बाप म्हणतो, पोर टवाळ निघालें. महिनाभरानें पोर शाळेला म्हणून निघतें आणि ओढ्याच्या कडेला बसून राहतें. मग बाप एक दिवस चिडून म्हणतो, 'नसेल शिकायचें तर चल भात्यावर!' आणि तें पोर सुटल्यासारखें आनंदानें भात्यावर जाऊन बसतें. शाळेच्या हजेरीबुकांत शेरा पडतो, 'सतत गैरहजर'. ज्यानें घालविलें त्याचें नांव त्या बुकांत कोठेंच नसतें. पोरीच्या बाबतींत तर निकाल याहून लवकर लागतो. वाटेवर दोन टवाळांनीं रोज आडवें येण्याचा अवकाश. घरांत कळलें कीं टवाळांची वाट कोणी बंद करीत नाहीं, पोरीची शाळा बंद होते, आणि पुढच्या लगीनसराईंत तिचे हात पिवळे होतात.

आपल्या घरांतून शिक्षण तुटण्याचीं कारणें मोजतांना पुढारी गरिबी सांगतात, अंतर सांगतात, पालकांचें अज्ञान तर हमखास सांगतात. मधल्या सुटीचें नांव कोणी घेत नाहीं. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, मुलाला शाळेंत न धाडणाऱ्या बापाला दरमहा एक रुपया दंड ठेवला, आणि १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून त्यांचीं मुलें सर्वांच्या शाळेंत घ्या असा हुकूम काढला. त्या काळीं दार उघडणें हेंच रणांगण होतें. साताऱ्याच्या शाळेंत लहानग्या भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळें बसावें लागे, हें त्यांनींच लिहून ठेवलें आहे. आज दार उघडें आहे. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क कायद्यानें अंमलांत आला. त्याच कायद्याच्या सतराव्या कलमानें मुलाला मारहाण व मानसिक छळ करण्यास मनाई आहे. पण त्या कलमाची शिक्षा नोकरीच्या नियमांनुसार आहे, म्हणजे त्याचें बोट गुरुजींकडे वळलेलें. पोरानें पोराला छळलें तर काय करायचें, याबद्दल तें मुकें आहे. गोणपाट गेलें, पण त्या पोराच्या बांकावर शेजारीं कोणी बसत नसेल तर बांक आणि गोणपाट यांत फरक तो काय?

आतां हुकुमांचा हिशेब मांडूं. शाळाशाळांतून तक्रारपेटी लावा, असा हुकूम महाराष्ट्रांत २०१७ सालीं निघाला. १० मार्च २०२२ रोजीं शाळा, केंद्र आणि तालुका या पायऱ्यांवर 'सखी सावित्री समिति' नेमण्याचा हुकूम निघाला. कागदावर ती समिति झकास आहे. तींत शिक्षिका आहे, अंगणवाडी सेविका आहे, पोलीस पाटील आहे, पालक आहेत, विद्यार्थीहि आहेत. पुढें ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापुरास एका शाळेंत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला, लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, आणि मग सरकारनें पाहिलें तों कित्येक शाळांत समितीचा पत्ता नव्हता! तेव्हां त्याच महिन्यांत तक्रारपेटी आणि सखी सावित्री यांचा तोच हुकूम नव्या तारखेनें पुन्हां काढण्यांत आला. दोन वर्षें जो हुकूम कोणी पाळला नाहीं, त्यावर उपाय म्हणून तोच हुकूम! उंटावरून शेळ्या हांकणें म्हणतात तें हेंच. शेळ्या हलल्या नाहींत तर उंटावर बसूनच मोठ्यानें ओरडायचें.

आणि ती पेटी तरी कोठें टांगतात? मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दाराशीं. जें पोर तिच्यांत चिठ्ठी टाकील तें साऱ्या शाळेला दिसेल, आणि ज्या पोराला तीन शब्द धड लिहितां येत नाहींत त्यानें काय टाकावें? बहुतेक पेट्यांत कोळ्यांचीं जाळीं निघतात. त्यावरून, तक्रारी नाहींत, शाळा उत्तम चालली आहे, असा अहवाल वर जातो.

हुकुमानें दांडगाई थांबत नाहीं हें आम्ही नुसत्या रागानें म्हणत नाहीं. हा प्रयोग दूरदेशीं होऊन गेला आहे, आणि त्याची हकीकत आपल्या गांवच्या पारावर सांगण्याजोगी आहे. युरोपच्या उत्तर टोंकाला नॉर्वे म्हणून देश आहे. तेथें १९८२ सालाच्या अखेरीस दहा ते चौदा वर्षांच्या तीन मुलांनीं जीव दिला. सोबत्यांचा असह्य छळ हेंच बहुधा कारण, असें उघडकीस येतांच देश हादरला, आणि १९८३ च्या हिंवाळ्यापूर्वीं सरकारनें देशभर मोहीम काढली. शिक्षकांसाठीं पुस्तिका, शाळेंत जाणारें मूल ज्या ज्या घरांत त्या प्रत्येक घरासाठीं चार पानांचें पत्रक, दाखविण्यासाठीं चित्रफीत, आणि मुलांनीं नांव न घालतां भरायची प्रश्नपत्रिका असें सगळें साहित्य तयार झालें. प्रश्नपत्रिकेची कल्पना डॅन ओल्व्हेउस या पंडिताची; शाळेंतल्या दांडगाईचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारांतला तो अगदीं पहिला.

आतां गंमत ऐका. बर्गेन शहरांत ४२ शाळांतलीं सुमारें अडीच हजार मुलें घेऊन ओल्व्हेउसनें दोन-अडीच वर्षें पाठपुरावा केला. पुडकें पाठवून तो स्वस्थ बसला नाहीं. प्रत्येक शाळेला तिचेच आंकडे परत नेऊन दाखविले, 'तुमच्या शाळेंत इतकीं मुलें छळलीं जातात' असें सांगितलें, आणि शिक्षकांना पुढें काय करायचें तें समजावून दिलें. तेथें दांडगाई निम्म्यानें उतरली, आणि शाळा बुडविणें व चोऱ्यामाऱ्याहि कमी झाल्या. त्याच देशांत, त्याच मोहिमेंत, रोगालँड प्रांतांतल्या शाळांना तेंच साहित्य गेलें. मागें कोणी फिरकलें नाहीं. तीन वर्षांनीं एर्लिंग रोलँड या दुसऱ्या संशोधकानें जाऊन पाहिलें, तर छळ एकंदरींत घटलेला नव्हता. ज्या शाळांनीं तें साहित्य मनावर घेतलें होतें, तेथेंच चित्र कांहींसें बरें. बी एकच होतें. एका शेतांत पाणी दिलें, खुरपणी केली. दुसऱ्या शेतांत पोतें बांधावर ठेवून मंडळी घरीं गेली. आपल्या सरकारची सारी शेती दुसऱ्या तऱ्हेची आहे.

फिनलंडनें यापुढचें पाऊल टाकलें. तेथील तुर्कू विद्यापीठांत क्रिस्टीना साल्मिवाली या बाईंनीं पाहिलें कीं, दांडगाईंत दोनच माणसें नसतात. एक छळणारा, त्याच्या हातांशीं दोघे-तिघे, आणि भोंवतीं हंसणारे. कांहीं तोंड फिरवून निघून जाणारे, आणि क्वचित् एखादा आड येणारा. छळणाराची सारी मिजास त्या हंसणारांवर चालते. तमासगीर उठून गेले म्हणजे फड मोडतो! म्हणून २००६ पासून त्यांनीं जी योजना बांधली तींत वर्षभर वर्गांत सगळ्या मुलांशीं बोलण्याचे तास ठेवले, प्रत्येक शाळेंत तीन मोठ्या माणसांचें पथक नेमलें, आणि छळल्या जाणाऱ्या मुलाच्या पाठीशीं वर्गांतल्या मान असलेल्या दोन-चार मुलांना उभें केलें. २००९ पासून ती देशभर नेली. दहांपैकीं नऊ शाळांनीं नांवें नोंदविलीं. तरीहि प्रयोगाच्या वेळीं जेवढा उतार पडला तेवढा देशभर नेल्यावर पडला नाहीं, कारण पसरतां पसरतां काम पातळ होतें. २०१९ सालीं निरनिराळ्या देशांतल्या अशा शंभर प्रयोगांचा ताळेबंद निघाला. छळ करणें सरासरी एकोणीस-वीस टक्क्यांनीं आणि छळ सोसणें पंधरा-सोळा टक्क्यांनीं घटलें होतें. म्हणजे हा जादूचा दोरा नव्हे. पण शंभरांतलीं पंधरा-सोळा लेंकरें सुटतात ही थोडी गोष्ट आहे काय? दर शेंकडा सोळा मण धान्य उंदरांपासून वांचत असेल तर कोणता शेतकरी मांजर पाळणार नाहीं?

येथवर वाचून पुष्कळ जण माना डोलावतील. आतां माना डोलावणें बंद होईल असें लिहितों. छळणारीं पोरें कोणाचीं? जुन्या काळच्या लढाईची संवय झालेले आमचे वाचक चटकन् म्हणतील, वरच्यांचीं. बांधवहो, आज जिल्हा परिषदेच्या शाळेंत वरच्यांचीं पोरें आहेत कोठें? तीं केव्हांच शहरांतल्या दुसऱ्या शाळांत गेलीं. आपल्या गांवच्या शाळेंत जें पोर लोहाराला 'भाता' म्हणतें तें आपल्या घरचें, भाकर खाऊन आपल्याच ओसरीवरून निघालेलें आहे. आणि तें हे शब्द शाळेंत शिकलें नाहीं. चुलीपाशीं, पारावर, आपण मोठी माणसें जें बोलतों तेंच त्यानें दप्तरांतून नेलें.

तामिळनाडू हा तर ब्राह्मणेतर चळवळीचा बालेकिल्ला, पेरियारांचा प्रांत. तेथें तिरुनेलवेली जिल्ह्यांत नांगुनेरी या गांवीं ऑगस्ट २०२३ मध्यें काय झालें? बारावींतल्या एका दलित मुलानें, सोबतचीं मुलें आपल्याला जातीवरून छळतात, अशी शाळेंत तक्रार केली. तक्रारीनंतर शाळेंतलींच मुलें कोयते घेऊन त्याच्या घरांत शिरलीं. त्याच्यावर वार केले, आणि आड आलेल्या त्याच्या बहिणीलाहि सोडलें नाहीं. हीं मुलें कोणा शास्त्र्यापंडिताचीं नव्हतीं. तींहि ब्राह्मणेतरच, तींहि मागासवर्गाच्या यादींतलींच. त्या प्रांतांत शाळकरी पोरें जातीप्रमाणें रंगाचे धागे मनगटाला बांधतात, म्हणजे कोणाला मारायचें आणि कोणाच्या बाजूनें धांवायचें हें विचारावें लागत नाहीं! सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति चंद्रू यांची समिति नेमली. तिनें जून २०२४ मध्यें अहवाल दिला: हे धागे बंद करा, शाळांच्या नांवांतून जातींचीं नांवें काढा, हजेरीबुकांत जात लिहूं नका, मुलांना नांवांच्या आद्याक्षराप्रमाणें बसवा. सूचना चांगल्या आहेत. पण त्या मुलानें तक्रार केली होती, हें विसरूं नका. तक्रार करणाराच्या पाठीशीं त्याच दिवसापासून कोणी उभें राहिलें नाहीं, तर ती पेटी म्हणजे सांपळा होतो.

आमचे कांहीं जुने वाचक म्हणतील, 'आम्हीहि मार खाल्ला, चिडवून घेतलें, म्हणून तर घट्ट झालों.' मामा, तुम्ही घट्ट झालां खरे. पण तुमच्या वर्गांतले जे शाळा सोडून गेले ते आज पारावर बोलायला आहेत कोठें? जो पूर पोहून आला तो पुराची तारीफ करतो. शिवाय तुमच्या वेळीं शाळेच्या फाटकाबाहेर पडलें कीं पोर सुटत असे. आतां मोबाईलवर वर्गाचा गट असतो, आणि जें तोंडावर बोलायला धजत नाहींत तें रात्रीं दहा वाजतां पोराच्या उशाशीं येऊन पडतें.

गुरुजी म्हणतील, आम्हांला वेळ नाहीं. हें गाऱ्हाणें खोटें नाहीं. मतदारयाद्या त्यांनींच कराव्या, जनगणना त्यांनींच करावी, खिचडीचा हिशेब त्यांनींच ठेवावा, रोज नवी माहिती वर भरून धाडावी, आणि दोन शिक्षकांच्या शाळेंत चार वर्ग एकदम हांकावे. अशा माणसावर आणखी एक समिति लादली तर तो कागद भरून मोकळा होणारच. म्हणून हें काम एकट्या गुरुजींच्या गळ्यांत बांधूं नये. यांतलें अर्धें काम आपलें आहे, आणि त्यासाठीं कोणाच्या दारांत जाऊन भीक मागायची गरज नाहीं.

तो कसा, तें सांगतों. शिक्षणहक्काच्या कायद्याच्या एकविसाव्या कलमानें प्रत्येक सरकारी व जिल्हा परिषदेच्या शाळेंत शाळा व्यवस्थापन समिति आहे. तिच्यांत चारांतले तीन सभासद आईबाप असले पाहिजेत, निम्म्या बायका असल्या पाहिजेत, आणि दुबळ्या व वंचित घरांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणांत जागा मिळाल्या पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा ह्या समितीनें करायचा असें बाविसावें कलम सांगतें. एवढा हक्क हातांत असून बहुतेक गांवांत काय चालतें? सरपंचाच्या मर्जींतला अध्यक्ष, घरीं जाऊन घेतलेल्या सह्या, आणि आराखड्यांत रंगरंगोटी व कुंपणाची भिंत. पारध्याच्या, वडाराच्या, ऊसतोड्याच्या बायकोला सभासद केल्याचें कागदावर असतें. सभा केव्हां झाली हें तिला ठाऊक नसतें. ज्या घरच्या पोराला कांटा रुततो त्या घरचें माणूस सभेंत बसल्याशिवाय आराखड्यांत कांट्याचा विषय येणार नाहीं. ही पहिली लढाई आहे, आणि ती गांवांतल्या गांवांत, आपल्याच भाऊबंदांशीं लढायची आहे. मोठ्या खटल्याच्या घरांनीं आधीं थोडें सरकून जागा करून द्यावी.

आराखड्यांत घालायचें तें थोडकें आणि मोजतां येण्याजोगें असावें. सुरुवात मोजणीनें करा: वर्षारंभीं सगळ्या मुलांना नांव न घालतां विचारा, कोणाला त्रास होतो, कोठें होतो, केव्हां होतो. धाकट्यांना लिहितां येत नसेल तर शाळेचा नकाशा काढून द्यावा आणि भीति वाटते तेथें खूण करायला सांगावें. आमची खात्री आहे कीं बहुतेक खुणा पाण्याच्या नळापाशीं, मुतारीच्या मागें आणि घरच्या वाटेवर पडतील. त्या जागीं मधल्या सुटींत एक मोठें माणूस उभें ठेवायला पैसा लागत नाहीं. आठवड्यांतून एक तास वर्गांत याचीच बोलणी व्हावीत, आणि नियम मुलांनींच करावेत. शिष्यवृत्तीच्या याद्या चारचौघांत वाचणें आजपासून बंद. छळणाऱ्या पोराला साऱ्या शाळेपुढें उभें करून बडवूं नये. त्यानें तें शूर ठरतें आणि सूड वाटेवर उगवतें. त्याला एकटें गांठावें, आईबापांना बोलवावें, आठवड्यानें पुन्हां बोलवावें. छळ सोसणाऱ्या पोराशेजारीं दुसऱ्याच दिवशीं दोन धट्टीं, मानाचीं पोरें बसवावीं. वर्षाअखेर तीच मोजणी पुन्हां.

पसरविण्याचें काय? महाराष्ट्रांत आठ-दहा शाळा मिळून एक केंद्र आहे आणि केंद्राला केंद्रप्रमुख आहे, निदान कागदावर; कित्येक केंद्रप्रमुखांच्या जागा वर्षानुवर्षें रिकाम्या राहिल्या हें सरकारचें कर्तृत्व. केंद्रांतल्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. तेव्हां एकदम साऱ्या राज्याला दवंडी पिटण्यापेक्षां, दर केंद्रांत एक शाळा आधीं नीट उभी करावी. तिच्या गुरुजींनीं आणि दोन आयांनीं पुढच्या शाळेंत जाऊन काय केलें तें सांगावें, तीन महिन्यांनीं परत जाऊन काय झालें तें पाहावें, आणि मग तिसऱ्या शाळेकडे वळावें. विरजण असेंच लागतें. याला वेळ लागेल, आणि सचिवालयांतल्या कोणाला एका दिवसांत छत्तीस जिल्ह्यांचा अहवाल मिळणार नाहीं. न मिळो. त्यांनीं फक्त ह्या फिरणाऱ्या माणसांचें भाडें आणि गुरुजींचे चार दिवस मोकळे करून द्यावेत. रोगालँडला जें मिळालें नाहीं तें एवढेंच.

महिन्याची सभा येत आहे. ठराव असा घाला: 'ह्या शाळेंत मुलांवर मुलांकडून होणाऱ्या छळाची मोजणी येत्या महिन्यांत करावी, ती समितीपुढें ठेवावी, आणि तिच्यावरून शाळेच्या विकास आराखड्यांत स्वतंत्र कलम घालावें.' सूचक म्हणून एखाद्या आईचें नांव लिहा. अनुमोदनाला ज्याच्या पोराबद्दल तक्रार आहे तो बाप उभा राहील काय, तें आदल्या रात्रीं त्याच्या घरीं जाऊन विचारा. ठराव इतिवृत्ताच्या वहींत डोळ्यांदेखत लिहवून घ्या आणि त्याची सहीशिक्क्याची नक्कल तेथेंच मागा. 'उद्यां देतों' म्हणाले तर बसून राहा.